रस्त्यावर बोट किती रुंद चालते?

पाण्यात बोट जितकी रुंद तितकी सुखाची. लाटेवर कमी डुलते, आत चार माणसं ऐसपैस बसतात, डेकवर चालताना आधार शोधावा लागत नाही. त्यामुळे बोट घेताना माणूस रुंदीकडे हौसेनं बघतो. तीच बोट ट्रेलरवर चढवून रस्त्यावर आणली की तीच रुंदी डोईजड होते. लांब बोटीला मागे-पुढे रस्ता मोकळा असतो. उंच बोटीला पूल आणि विजेच्या तारा सांभाळल्या की झालं. रुंद बोट मात्र सरळ शेजारच्या माणसाच्या वाट्याचा रस्ता खाते. म्हणून जवळपास प्रत्येक देशाचा कायदा लांबी-उंचीपेक्षा रुंदीच्या बाबतीत जास्त कडक आहे, आणि माझ्या मते तो तसा असायलाच हवा.

आधी आकडे बघू. अमेरिकेत मोठ्या महामार्गांवर वाहनाची कमाल रुंदी ८ फूट ६ इंच, म्हणजे सुमारे २.५९ मीटर. युरोपीय संघात साधारण वाहनांना २.५५ मीटर. ब्रिटनमध्येही ट्रेलरला २.५५. ऑस्ट्रेलियात ट्रेलरला २.५ मीटर. कॅनडात २.६ आणि भारताच्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतही २.६. म्हणजे जगात कुठेही गेलात तरी उत्तर अडीच मीटरच्या आसपास घुटमळतं. फरक पाच-दहा सेंटिमीटरचा. पण बोटीची रुंदी मर्यादेच्या अगदी काठावर असली की तेवढ्यानंच ती एका देशात कायदेशीर ठरते आणि दुसऱ्या देशात बेकायदेशीर.

हे अडीच मीटर आले कुठून, ते लेनच्या मापावरून कळतं. अमेरिकेच्या महामार्गाची लेन १२ फुटांची, म्हणजे ३.६६ मीटरची. त्यात २.५९ मीटरचं वाहन अगदी मधोमध चाललं तर दोन्ही बाजूंना सुमारे ५३ सेंटिमीटर उरतात. वारा, खड्डा, चालकाची क्षणभराची चूक, वळणावर ट्रेलरचं आत सरकणं, हे सगळं त्या ५३ सेंटिमीटरमध्ये मावायचं असतं. आता तिथे १० फुटी, म्हणजे ३.०५ मीटर रुंदीची बोट ठेवा. दोन्ही बाजूंना फूटभर, जेमतेम ३० सेंटिमीटर राहतात. गावाकडच्या ३ मीटरच्या लेनमध्ये हीच बोट पट्ट्याच्या बाहेरच असते, चालक कितीही निष्णात असो. समोरून येणाऱ्याला याची कल्पना नसते. परवाना, निशाणं, दिवे, वेळेची बंधनं ही सारी खटपट त्या समोरच्या माणसासाठी आहे. हे एकदा पटलं की पुढचे नियम पाठ करावे लागत नाहीत, आपोआप कळत जातात.

अमेरिकेत १९५६ च्या महामार्ग कायद्यानं ही मर्यादा ९६ इंच, म्हणजे ८ फूट ठेवली होती. १९८२ च्या कायद्यानं ती राष्ट्रीय जाळ्यातल्या रस्त्यांवर १०२ इंच झाली. बोट बांधणाऱ्यांनीही आपली मापं त्यानुसार बदलली. आज ‘ट्रेलरवर नेता येते’ म्हणून विकल्या जाणाऱ्या असंख्य बोटींची रुंदी नेमकी ८ फूट ६ इंच असते, ती याच कायद्यामुळे. काही राज्यांत छोट्या रस्त्यांवर मर्यादा अजूनही ८ फुटांचीच आहे, त्यामुळे महामार्गावर निर्धास्त असलेली बोट शेवटच्या फाट्यावर वळली की नियमाबाहेर जाऊ शकते. रस्ता बदलला की मर्यादा बदलू शकते, हे इथेच लक्षात ठेवा.

मोजायचं काय आणि कसं

माहितीपत्रकात लिहिलेली रुंदी ही बोटीची असते. रस्त्यावर बोट आणि ट्रेलर मिळून जे काही सगळ्यात बाहेर येतं, ते मोजलं जातं. कधी ती बोटीची कड असते, कधी ट्रेलरचे मडगार्ड, कधी बोट सरळ चढावी म्हणून दोन्ही बाजूंना उभे केलेले खांब. बोटीच्या कडेनं फिरणारी जाड रबरी पट्टी काही माहितीपत्रकांत धरलेली नसते. रस्त्यावर ती धरली जाते.

मोजायची खात्रीची पद्धत गवंड्याची आहे. बोट ट्रेलरवर पट्ट्यांनी पक्की बांधून सपाट जमिनीवर उभी करा. सगळ्यात रुंद जागी कडेवरून ओळंबा सोडा, तो स्थिर झाला की जमिनीवर खडूनं खूण करा. तसंच दुसऱ्या बाजूला. मग जमिनीवरच्या दोन खुणांमधलं अंतर टेपनं घ्या. टेप बोटीवरून आडवा ताणला तर तो कुठेतरी वाकतो आणि आकडा वाढतो. टेप तिरका धरला गेला तरी आकडा वाढतो. ओळंबा फसवत नाही. मागचं-पुढचं दोन-तीन ठिकाणी मोजा, कारण बोट दिसते तिथेच सगळ्यात रुंद असते असं नाही. आवरण घातलेल्या अवस्थेतही एकदा मोजा. आवरणाच्या दोऱ्या, धक्के सोसायला बाजूला टांगलेले रबरी फुगे, बाहेर राहिलेली दोरखंडाची वेटोळी, यांतल्या एखाद्या गोष्टीमुळे चार बोटं सहज वाढतात. गाडीचे आरसे बहुतेक ठिकाणी रुंदीत धरत नाहीत. टांगलेला फुगा मात्र सामान म्हणूनच मोजला जातो.

ओळंब्यानंच आणखी एक गोष्ट कळते, आणि ती बरेच जण विसरतात: बोट ट्रेलरच्या मधोमध बसली आहे का. ब्रिटनचा नियम इथे छान उदाहरण आहे. तिथे ट्रेलर २.५५ मीटरच्या आत हवा, पण त्यावरचा बोजा २.९ मीटरपर्यंत रुंद असला तरी चालतो. अट एवढीच की कोणत्याही एका बाजूला तो ३०५ मिलिमीटरपेक्षा जास्त बाहेर येता कामा नये. आता २.९ मीटरची बोट २.५५ मीटरच्या ट्रेलरवर मधोमध ठेवली तर दोन्ही बाजूंना १७.५ सेंटिमीटर बाहेर, सगळं ठीक. तीच बोट २.२ मीटर रुंदीच्या ट्रेलरवर ठेवली तर दोन्ही बाजूंना ३५ सेंटिमीटर बाहेर, आणि नियम मोडला. बोट तीच, तिची रुंदी तीच, फक्त ट्रेलर अरुंद. जुना ट्रेलर स्वस्तात मिळतोय म्हणून घेणाऱ्यांनी हे गणित आधी कागदावर करावं.

परवाना म्हणजे अटींची यादी

मर्यादेबाहेरच्या बोटीला रस्ता पूर्ण बंद नाही. बहुतेक देशांत तिच्यासाठी खास परवाना मिळतो किंवा पोलिसांना आगाऊ कळवून नेता येते. दोन्ही पद्धतींमागचा पहिला प्रश्न एकच असतो: हा बोजा खरंच कमी होऊ शकत नाही का? विटांचा ढीग रुंद झाला तर दोन खेपांत न्यावा, त्याला सूट मिळत नाही. बोटीचे दोन तुकडे करता येत नाहीत, म्हणून ती ‘अविभाज्य बोजा’ ठरते. पण सूट मिळते ती सांगाड्याला. मासेमारीचे आडवे बांबू, बाजूला बोल्टनं लावलेल्या शिड्या, बाहेर आलेले अँटेना आणि दिवे काढता येत असतील तर ते काढूनच मोजायचं. काढता येणारी वस्तू तशीच ठेवून परवाना मागायला गेलं तर अर्ज परत येऊ शकतो, आणि यायलाच हवा.

ब्रिटनमध्ये बोजा २.९ मीटरच्या वर गेला की मार्गावरच्या प्रत्येक भागातल्या पोलिसांना पूर्ण दोन कामाचे दिवस आधी कळवावं लागतं. ३.५ मीटरच्या वर गेला की सोबत एक जादा माणूस लागतो. आजूबाजूच्यांना इशारा देणं हे त्याचं काम. अमेरिकेत प्रत्येक राज्य वेगळा परवाना देतं, त्यामुळे तीन राज्यांतून जाणारी बोट तीन वेगवेगळे कागद बाळगते. १२ फुटांच्या पुढे अनेक राज्यांत पुढे-मागे सोबतीची गाडी लागते. युरोपातही सीमा ओलांडली की पुढच्या देशाची परवानगी वेगळी.

परवान्यावर सहसा मार्ग लिहिलेला असतो, आणि तो अक्षरशः पाळायचा असतो. वाहतूक कोंडी दिसली म्हणून गल्लीत वळलं की परवान्याचं छत्र गेलं. त्या गल्लीत अरुंद पूल असेल किंवा रस्त्याचं काम चालू असेल, आणि मार्ग ठरवताना अधिकाऱ्यानं तोच टाळलेला असेल. प्रवास बहुधा दिवसाउजेडीच करावा लागतो. अमेरिकेतल्या बऱ्याच परवान्यांत सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंतची मुभा असते. मोठ्या शहरांत गर्दीच्या वेळा वगळतात, काही ठिकाणी सुट्टीचे दिवसही. दाट धुकं किंवा जोराचा वारा असेल तर थांबावं लागतं. बोटीच्या बाजू म्हणजे वाऱ्याला शीडच, तेव्हा ही अट मनापासून पाळावी. चाक पंक्चर होऊन वेळ गेला तर ‘थोडंच राहिलंय’ म्हणत अंधारात पुढे जायचं नाही. म्हणून निघण्याआधीच मार्गावर दोन-तीन ठिकाणी एवढी रुंद गाडी उभी करायला जागा कुठे आहे ते बघून ठेवा.

निशाणांचंही तसंच. अमेरिकेत पुढे-मागे पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत ‘ओव्हरसाइज लोड’ लिहितात आणि सगळ्यात बाहेर आलेल्या टोकांना लाल किंवा भगव्या रंगाची चौकोनी निशाणं लावतात. निशाण सगळ्यात रुंद जागीच हवं. चाकाजवळ लावलेलं निशाण बघून समोरचा चालक त्या हिशोबानं गाडी काढतो आणि बोटीची कड त्याच्या आरशाला लागते. बोट परवान्याची नसेल, मर्यादेतच असेल, त्या दिवशी पाटी काढून ठेवायची. विनाकारण लावलेल्या पाटीमुळे खऱ्या पाटीकडे लोकांचं दुर्लक्ष होतं.

रुंदीचा परवाना वजनाला माफी देत नाही

माझ्या अनुभवात सगळ्यात मोठा गैरसमज इथे होतो. परवाना हातात आला की माणसाला वाटतं, आता सगळं कायदेशीर झालं. परवाना फक्त त्या रुंदीपुरता असतो. गाडी किती ओढू शकते, ट्रेलर किती पेलू शकतो, ब्रेक कसे हवेत, तुमच्या लायसन्सवर काय चालवता येतं, हे प्रश्न वेगळे आणि त्यांचे कायदे वेगळे. रुंद बोट बहुतेक वेळा जडही असते, म्हणून हे प्रश्न तिच्या बाबतीत हमखास येतात.

एक हिशोब मांडून बघू. माहितीपत्रकात बोटीचं ‘कोरडं वजन’ १७०० किलो लिहिलंय. त्यात इंजिन धरलेलं नाही. बोटीच्या मागे बाहेरून लावायचं मोठं इंजिन २५० किलो. टाकीत ४०० लिटर पेट्रोल. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, लिटरला सुमारे पाऊण किलो, म्हणजे ३०० किलो. प्यायच्या पाण्याचे ६० किलो. दोन बॅटऱ्या ५०, नांगर आणि साखळी ४०. लाइफ जॅकेटं, दोर, हत्यारं, गळ, खुर्च्या, शीतपेटी मिळून १०० किलो तरी. आणि ट्रेलर स्वतः ६५०. बेरीज ३१५० किलो. माहितीपत्रकातल्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट. ही बेरीज मनात करू नका, एकदा वजनकाट्यावर नेऊन खरं वजन घ्या. पेट्रोल आणि पाणी रिकामं करून निघालात तर साडेतीनशे किलो लगेच उतरतात.

आता हे वजन लायसन्सला लावून बघा. युरोपीय संघात साध्या कारच्या, म्हणजे ‘बी’ वर्गाच्या लायसन्सवर ७५० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो. त्याहून जड ट्रेलर असेल तर गाडी आणि ट्रेलरची मिळून कमाल मर्यादा ३५०० किलोच्या आत हवी. त्यापुढे ४२५० किलोपर्यंत वेगळी नोंद लागते, आणि त्याही पुढे ३५०० किलोपर्यंतच्या ट्रेलरसाठी ‘बीई’ वर्ग. ब्रिटननं १६ डिसेंबर २०२१ पासून साध्या कार लायसन्सवर ३५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढायची मुभा दिली. हे आकडे ट्रेलरच्या पाटीवर छापलेल्या कमाल वजनाचे आहेत. बोट उतरवून रिकामा ट्रेलर परत नेताना प्रत्यक्ष वजन ६५० किलो असलं तरी पाटीवर ३५०० लिहिलेलं असेल तर लायसन्सच्या हिशोबात तो ३५०० चाच.

ब्रेकचंही उंबरठ्यावर ठरतं. युरोपात ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेतच. ऑस्ट्रेलियात ७५० च्या वर ब्रेक आणि २००० किलोच्या वर सगळ्या चाकांना ब्रेक, शिवाय ट्रेलर गाडीपासून सुटला तर आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा. अमेरिकेत राज्याराज्यांत वेगळं, पण ३००० पौंडांचा, म्हणजे १३६० किलोचा उंबरठा बऱ्याच ठिकाणी दिसतो. बोटीच्या ट्रेलरची एक खोड आहे: बोट उतरवताना तो मागून पाण्यात शिरतो, समुद्रावर तर खाऱ्या पाण्यात. ब्रेकच्या तबकड्या आणि बेअरिंग गंजतात. कायदा ‘ब्रेक बसवलेले’ म्हणत नाही, ‘चालू स्थितीत’ म्हणतो. प्रत्येक खेपेनंतर चाकं गोड्या पाण्यानं धुणं हा त्यामुळे निव्वळ टापटिपीचा भाग राहत नाही.

दिवे, शेपूट आणि डोलकाठी

रुंद वाहनाचं टोक अंधारात दिसावं म्हणून रुंदीवरच दिव्यांचे नियम ठरतात. युरोपात २.१ मीटरपेक्षा रुंद वाहनाला कडा दाखवणारे जादा दिवे लागतात. अमेरिकेत ८० इंच, म्हणजे सुमारे २.०३ मीटर, ही ती रेषा. तिथल्या नियमात बोटीच्या ट्रेलरसाठी एक समजूतदार सवलत आहे: पुढे आणि मागे वेगळे कडेचे दिवे लावण्याऐवजी दोन्ही बाजूंना मध्याजवळ, सगळ्यात रुंद जागी, पुढच्याला पिवळा आणि मागच्याला लाल दिसेल असा एकच दिवा चालतो. मडगार्डवरचा तो छोटा दिवा हाच. मागचे दिवे बोटीच्या बुडाखाली झाकले जात असतील तर काढता येणारी दिव्यांची फळी मागे बांधावी लागते, आणि नंबरप्लेटही त्याच फळीवर.

रस्ते वाहतुकीच्या १९६८ च्या व्हिएन्ना करारात लिहिलंय की मागे किंवा पुढे एक मीटरपेक्षा जास्त बाहेर आलेला बोजा नेहमीच खुणेनं दाखवायचा, रात्री मागे लाल दिवा आणि लाल परावर्तक. वर उचललेलं बाहेरचं इंजिन हा मीटर सहज गाठतं, म्हणून मागून बघून माप घ्या. उंचीबद्दल थोडक्यात: युरोपात बहुतेक ठिकाणी मर्यादा ४ मीटर. शिडाची डोलकाठी निघण्याआधी उतरवा आणि पाण्याजवळ पोहोचल्यावरही वर विजेच्या तारा नाहीत हे बघूनच उभी करा. ॲल्युमिनियमच्या डोलकाठीनं तारेला हात लावला की बोटीजवळ उभ्या माणसाला वाचवता येत नाही.

गाडीचे आरसे ट्रेलरच्या पलीकडचं दाखवत नसतील तर वाढीव आरसे लावणं बऱ्याच देशांत सक्तीचं आहे. रुंद बोटीमागे तर ते लागतातच. आणि विम्याची पॉलिसी काढून वाचा. परवान्याशिवाय किंवा जादा वजनानं निघालेल्या गाडीचा अपघात झाला तर विमा कंपनीला हात झटकायला कारण मिळतं, आणि समोरच्याचं नुकसान तुमच्या खिशातून भरायची वेळ येते.

घ्यायच्या आधी

ही सगळी माहिती बोट दारात आल्यावर कामाची असते, पण घेण्याआधी ती जास्त कामाची. विकणाऱ्याला ‘बोट किती रुंद?’ असं न विचारता, ‘ट्रेलरवर चढवून बांधलेल्या अवस्थेत, जमिनीवर मोजलेली रुंदी किती आणि वजनकाट्यावरचं वजन किती?’ असं विचारा. २.५० आणि २.५९ यांच्यातल्या फरकानं पाण्यात काही बिघडत नाही. रस्त्यावर मात्र कुठल्या देशात ती विनापरवाना फिरेल हे त्यावरच ठरतं. दर आठवड्याला बोट न्यायची असेल तर मर्यादेतली घ्या, कारण दर वेळी परवाना, मार्ग आणि वेळ जुळवताना हौस मावळते. मोसमात दोनदाच हलवायची असेल, सुरुवातीला पाण्यात आणि शेवटी गोदामात, तर मनासारखी रुंद बोट घ्या आणि त्या दोन खेपा परवाना असलेल्या व्यावसायिक वाहतूकदाराकडे सोपवा.

रुंदी हवी आणि परवानाही नको असेल, तर तिसरा रस्ता काही बोट बांधणाऱ्यांनी काढला आहे. न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या इयन फॅरियर यांनी तीन सांगाड्यांच्या शिडाच्या बोटींसाठी घडीचे हात तयार केले. पाण्यात बोट पसरते. किनाऱ्यावर बाजूचे दोन्ही सांगाडे हातांसकट खाली आणि आत दुमडतात आणि बोट साध्या ट्रेलरच्या रुंदीत मावते. रुंद दोन-सांगाडी बोटींसाठी असाच उपाय कधी ट्रेलरमध्ये असतो: चौकट तिरकी होते, बोट एका कुशीवर कलते, आडवी रुंदी घटते आणि उंची वाढते. अशा ट्रेलरवर निघताना ओळंबा पुन्हा सोडायचा, बोट कललेल्या अवस्थेत, आणि उंचीही पुन्हा मोजायची.